महाराजांपुढे ‘जळाऊ कचरा’

तोक्योच्या आसपास चार मराठी माणसं जमली, की एक जण साबुदाणा कुठे मिळतो ते सांगतो, एक जण अध्यक्ष होतो आणि उरलेले दोघे अध्यक्षांना नावं ठेवतात. नयना या उरलेल्यांपैकी. नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा केदार तोयोसुच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर इंजिनिअर. इचिकावाच्या त्यांच्या घरात तो तिला नेहमी म्हणायचा, "अगं, हळू बोल, भिंती पातळ आहेत."

"असू देत. इथे मराठी कुणाला कळतंय?"

"पलीकडे कुलकर्णी राहतात, नयना."

"मग त्यांना तर कळलंच पाहिजे," असं म्हणून ती आवाज आणखी चढवायची.

सकाळी ती एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी भाज्या चिरायची आणि शनिवारी एका बँडमध्ये ड्रम वाजवायची. बाई ड्रम वाजवते हे ऐकून मराठी मंडळातल्या बायका पहिल्यांदा "अय्या!" म्हणाल्या होत्या. नंतर त्यांच्यातल्या दोघींनी हळूच विचारलं होतं, की दंड बारीक होतात का हो त्याने? नयनाने सांगितलं, दंडाचं माहीत नाही, पण डोकं शांत राहतं, तुम्ही करून बघा.

बँडचं नाव ‘जळाऊ कचरा’. इचिकावात नवीन आलेल्या माणसाला पहिला धडा मिळतो तो कचऱ्याचाच. जळाऊ वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. एका पिशवीतलं दुसऱ्या पिशवीत गेलं की कचऱ्याची गाडी ती पिशवी तिथेच टाकून जाते, आणि समोरच्या आजी रोज तुम्हाला वाकून नमस्कार करतात आणि त्या पिशवीकडे बघतात. मरण परवडलं, पण तो नमस्कार नको. बँडच्या श्यामने त्यावर गाणं केलं. ते इतकं गाजलं की इचिकावापासून तोयोसुपर्यंत एकाही मराठी घरातला वाढदिवस त्याच्याशिवाय पार पडेना. पुढे पुढे तर नागोयाहून बोलावणी येऊ लागली. आपल्या माणसांत यापेक्षा प्रसिद्ध होणं म्हणजे क्रिकेटच खेळायला हवं.

हा श्याम म्हणजे एक प्रकरण होतं. सोमवार ते शुक्रवार ऑफिसात फोनवरसुद्धा कमरेत वाकून बोलणार. पलीकडच्याला दिसत नाही, तरी वाकणार. शनिवारी मात्र काळं जाकीट चढवलं, गिटार गळ्यात अडकवली, की याच्या अंगात यायचं. मग हा व्यवस्थेच्या विरुद्ध, भांडवलशाहीच्या विरुद्ध, सोसायटीच्या पार्किंगच्या नियमांच्याही विरुद्ध. नयना त्याला ओळखून होती. पण गाणी चांगली करायचा, आणि ड्रमवाल्याला गाणारा लागतोच. पार्थ नावाचा एक अबोल मुलगा बेस वाजवायचा. त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

आणि एके दिवशी मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत यांनी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये बातमी टाकली. दिवाळीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून येत आहेत श्रीमंत यशवर्धनराजे, देवखिंड संस्थानचे महाराज. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. नयनाने हातातली भाजीची सुरी तशीच धरून ती बातमी दोनदा वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण नयना देवखिंडची.

संस्थान कसलं? डोंगराच्या खिंडीत वसलेलं एक गाव, भोवतीची थोडी खेडी आणि वर एक वाडावजा राजवाडा. संस्थानं खालसा झाली, तनखे गेले, त्यालाही जमाना लोटला. पण देवखिंडला ते कुणी कळवलंच नसावं. नयनाचे वडील विश्वनाथ. गावात त्यांचा ब्रास बँड होता. लग्नाची सुपारी कुठलीही असो, क्लॅरिनेट विश्वनाथचाच हवा, असा त्यांचा लौकिक. दसऱ्याला महाराजांची स्वारी सोनं लुटायला निघायची तेव्हा पुढे हाच बँड. आणि तिथे दोन रिवाज होते. एक, बँडवाल्यांनी अनवाणी वाजवायचं. दुसरा, महाराजांना पाठ दाखवायची नाही. म्हणजे पुढे चालायचं, पण तोंड मागे करून. राजवाड्यापासून सीमेवरच्या आपट्यापर्यंत, उताराच्या रस्त्याने, वाजवत, उलटं.

नयना दुसरीत होती त्या वर्षी विश्वनाथ असेच उलटे चालत होते. मागे खड्डा होता. मागे डोळे नसतात माणसाला. ते पाठीवर न पडता वळले आणि तोंडावर पडले, क्लॅरिनेट तोंडातच. वरचे पुढचे दात गेले. ओठ फाटला. नयना रस्त्याच्या कडेने चालत होती, तिने सगळं पाहिलं. उघड्या जीपमध्ये तेव्हाचे युवराज, म्हणजे हेच यशवर्धनराजे, उभे होते. जीप थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. दोन माणसांनी विश्वनाथना उचलून कडेला घेतलं, आणि स्वारी पुढे गेली. उशीर व्हायला नको होता, मुहूर्त होता ना! दात गेल्यावर क्लॅरिनेट धरता येत नाही. विश्वनाथनी नंतर बँडमध्ये ढोल वाजवला, मग झांजा, मग काहीच नाही. त्यांनी या सगळ्याबद्दल आयुष्यात कधी अवाक्षर काढलं नाही. नयनानेच काय ते त्यांच्या वाटचंही बोलून घेतलं.

तिने ही गोष्ट सरावाच्या वेळी सांगितली तेव्हा श्यामच्या अंगात आलेलंच होतं, कारण शनिवार होता. "साला!" असं म्हणून त्याने गिटार खाली ठेवली. "नयना, मी स्टेजवरून सांगतो त्याला. एक गाणं होईपर्यंत उभा राहा म्हणतो. अनवाणी! विश्वनाथकाकांसाठी."

"बघ हं. नंतर शेपूट घालशील."

"मी? लाव काकांना फोन."

लावला. व्हिडिओवर विश्वनाथ दिसले, कपाळ आणि मागचं कॅलेंडर. श्यामने छाती पुढे काढून सगळं सांगितलं. कार्यक्रम लाइव्ह दिसणार आहे काका, तुम्ही फक्त बघा.

"नको रे बाबा," विश्वनाथ म्हणाले. "महाराजांना असं बोलू नये." आणि लगेच, "आपल्याकडे किती वाजता दिसेल म्हणालास?"

बाबांना हवंय, तोंडाने नाही म्हणतात पण हवंय, असं नयना धरून चालली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. महाराजांच्या तोंडावर कुणीतरी ते बोलावं, आणि बोललेलं बाबांच्या कानावर पडावं. बस, एवढंच. एवढ्यासाठी तिने त्या बिनकण्याच्या मंडळाच्या बैठकांना जाऊन बसणंसुद्धा पत्करलं.

त्या बैठका म्हणजे काय सांगावं! एरवी हीच माणसं जपानी साहेबासमोर प्रेझेंटेशन करतात, पूल बांधतात, बँकांच्या सिस्टिमी चालवतात. आणि इथे तास तास वाद, की महाराजांना ‘श्रीमंत’ म्हणायचं की ‘महाराजसाहेब’. महाराज खरं तर आले होते राजवाड्याचं हॉटेल केलंय त्याची जाहिरात करायला. पर्यटनाच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्यांचा टेबलाएवढा स्टॉल होता. पण लक्ष्मीकांतांचा चेहरा असा, की जणू स्वारी अटकेपार झेंडे लावत इथवर आलीय. त्यांनी नियम काढले. महाराज बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही. महाराजांनी टाळी वाजवल्याशिवाय कुणी टाळी वाजवायची नाही. स्टेजवरून उतरताना पाठ दाखवायची नाही. हा शेवटचा नियम ऐकून नयनाने ओठ चावला.

लक्ष्मीकांतांच्या पत्नी जयमालाबाई म्हणाल्या, "पण अहो, नयना ड्रमवर बसून वाजवते. महाराजांसमोर बसायचं म्हणजे... ड्रम उभ्याने नाही का गं वाजवता येत?"

"येतो की," नयना म्हणाली. "मी उभी राहते. तुम्ही खाली बसून पेडल दाबा."

तो मुद्दा तिथेच सोडून देण्यात आला.

हॉल ठरला होता कोतो वॉर्डातला एक जुना. दर वर्षीचाच. लाकडी जमीन, बूट बाहेर काढायचे आणि हॉलच्या तपकिरी सपाता घालून आत यायचं. संडासाच्या सपाता वेगळ्या. निळ्या, रबरी, वर पांढऱ्या अक्षरांत ‘टॉयलेट’ असं जपानीत ठसठशीत लिहिलेलं. दारात तपकिरी काढायच्या, निळ्या घालायच्या, येताना निळ्या तिथेच सोडायच्या. इथे राहायला आलेल्या प्रत्येकाने एकदा कधीतरी निळी सपात घालून बाहेर येऊन आपला पोपट करून घेतलेला असतो. पुन्हा तो करत नाही. हॉलची देखभाल करणाऱ्या कुबोता-सान नावाच्या आजीबाई तर त्या सपाता देवाच्या पादुकांसारख्या ओळीत लावून ठेवायच्या.

कार्यक्रमाच्या दुपारी महाराज आले. जरीचा फेटा, मोत्यांची माळ, बंद गळ्याचा कोट. मोजडी काढली तेव्हा चार जण ती उचलायला धावले आणि एकमेकांवर आदळले. तपकिरी सपातांत पाय घालून महाराज थोडे नाराज दिसले, पण चालले. ओवाळणं झालं, चहा झाला, हॉटेलच्या खोल्यांची चित्रं पडद्यावर दाखवून झाली. मग महाराज हात धुवायला म्हणून गेले, आणि परत आले ते निळ्या सपाता घालून.

हॉलभर सगळ्यांनी पाहिलं. प्रत्येक पाऊल टाकताना ती पांढरी अक्षरं वर यायची. कुणाला तरी हलकेच जाऊन कानात सांगता आलं असतं, महाराज, तेवढं बदला. त्यात काय होतं? पण छे! सगळ्यांची दातखीळ बसली. कोण सांगणार, कसं सांगणार, महाराजांना शरमल्यासारखं झालं तर? महाराज तसेच पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले, पायावर पाय टाकून. वरच्या पायातली निळी सपात स्टेजच्या दिशेने डुलत होती.

आणि मग लक्ष्मीकांतांच्या बुद्धीला जे फुटलं ते या मंडळाखेरीज जगात कुणाला सुचलं नसतं. ते गुपचूप उठून गेले आणि स्वतः निळ्या सपाता घालून आले. महाराजांना एकटं वाटू नये म्हणून! त्यांनी खजिनदारांना डोळ्याने खुणावलं. खजिनदार गेले, निळे होऊन आले. मग सचिव. मग स्वागताध्यक्ष. खालच्या संडासातल्या संपल्या, तर लोक वरच्या मजल्यावर गेले. जयमालाबाई बायकांच्या संडासातून गुलाबी घालून आल्या आणि महाराणींच्या थाटात बसल्या. पहिल्या दोन रांगा पाहता पाहता संडासाच्या सपातांनी भरून गेल्या. तिसऱ्या रांगेत केदार बसला होता. लक्ष्मीकांत ऑफिसात त्याचे वरिष्ठ, त्यांनी त्यालाही खुणावलं. केदारने आपल्या तपकिरी सपातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला नाही लागली." नयनाने हे स्टेजच्या कडेवरून पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला नवऱ्याचा अभिमान वाटला.

कुबोता-सान घाबऱ्या होऊन तिच्याकडे आल्या. वरच्या, खालच्या, सगळ्या सपाता नाहीशा झाल्यात म्हणाल्या. "जेवणातून काही बाधलंय का सगळ्यांना? डॉक्टर बोलावू का?"

"तसलं काही नाही," नयनाने त्यांना जपानीत सांगितलं. "हा आमच्याकडे मान देण्याचा प्रकार आहे."

आजीबाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि महाराजांकडे बघून वाकून नमस्कार केला.

‘जळाऊ कचरा’ स्टेजवर आलं. पेडलवर सपाता घसरू नयेत म्हणून नयना नुसत्या मोज्यांवरच बसली. समोर एका स्टँडवर फोन लावला होता. जयेश नावाचा मंडळाचा तरुण कार्यकर्ता त्यावरून लाइव्ह दाखवत होता. त्या फोनच्या पलीकडे बाबा आहेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पहिलं गाणं कचऱ्याचंच झालं. जोरात झालं. एरवी या गाण्यावर लोक खुर्च्यांवर चढतात. आज गाणं संपलं आणि हॉल चिडीचूप. कारण महाराज टाळी वाजवेनात. ते फोनवर कुणाचा तरी निरोप वाचत होते. सगळ्यांनी हात छातीशी आणून ठेवलेले, टाळीच्या तयारीत, आणि श्वास रोखून महाराजांच्या हातांकडे बघतायत. शेवटी महाराजांनी फोन खिशात ठेवला आणि मांडीवर दोन बोटं आपटली. मग झाला कडकडाट.

श्याम माइकपाशी गेला. हीच वेळ ठरली होती. नयनाने काठ्या मांडीवर ठेवल्या. श्यामने घसा खाकरला, एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा लक्ष्मीकांतांकडे पाहिलं, आणि तिला पाठमोरा दिसणारा त्याचा कणा वितळायला लागला. जाकीट होतं तिथेच होतं, आतला माणूस गेला.

"श्रीमंत," तो म्हणाला, "आज आपली पायधूळ... म्हणजे आपले पाय... आम्हा सर्वांना लागले. आमच्या ड्रमर नयनाताई आपल्याच देवखिंडच्या. त्यांचे वडील आपल्या पदरी बँड वाजवायचे. त्यांना आज इथे येता आलं नाही. तर त्यांच्या वतीने, मी आपल्याला मुजरा करतो."

आणि त्याने केला! गिटार सावरत, वाकून, तीनदा.

शेपूट घालणं वेगळं. गप्प बसला असता तर नयना एक वेळ त्याला माफ करून गेली असती. पण बाबांच्या नावाने मुजरा? ज्या माणसाचे दात त्या रस्त्यावर राहिले, त्याच्या वतीने हा बेडूक वाकतो? ती उठली. झांजेला तिचा धक्का लागला आणि ती खणकन वाजली. मोज्यांवर चालत ती पुढे आली, श्यामच्या हातातून तिने माइक घेतला. श्यामने तो लगेच दिला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच एक काम नीट झालं.

"महाराज, मी नयना," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "विश्वनाथ बँडवाल्यांची मुलगी. हा मुजरा आमच्या वडिलांचा नाही, तो परत घ्या. तुमच्या दसऱ्याला माझे वडील अनवाणी वाजवायचे. उलटे चालायचे, तुम्हाला पाठ दिसू नये म्हणून. एका वर्षी पडले, दात गेले, वाजवणं गेलं. तुम्ही जीपमध्ये होतात. तुमच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आज मी तुमच्यासमोर बसून वाजवतेय, आणि बसूनच वाजवणार. आणि आणखी एक. तुमच्या पायात संडासातल्या सपाता आहेत. इथल्या एकाही शहाण्याने तुम्हाला ते सांगितलेलं नाही. त्या तेवढ्या आत ठेवून या, मग पुढचं गाणं सुरू करू."

लक्ष्मीकांत पांढरेफटक पडले होते. जयमालाबाईंनी आपले गुलाबी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आणि महाराजांनी खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. मग मान वळवून मागची रांग पाहिली.

"अहो, पण यांच्याही पायात त्याच आहेत की!" ते म्हणाले, आणि मोठमोठ्याने हसायला लागले. पोट धरून हसले. मोत्यांची माळ हलत होती. महाराज हसतायत म्हटल्यावर लक्ष्मीकांत हसले, खजिनदार हसले, सगळा हॉल हसायला लागला. हसू ओसरलं तसे महाराज लक्ष्मीकांतांकडे झुकले. पहिल्या रांगेसमोर पाहुण्यांच्या भाषणाचा माइक चालूच राहिला होता, त्यातून सगळ्यांना ऐकू गेलं.

"आमच्याकडे बँड होता का हो कधी? मला तर आठवत नाही."

लक्ष्मीकांतांना काय माहीत? ते म्हणाले, "नसेल, महाराज."

"पण पोरगी मोठी धीट आहे हं! वा! असं पाहिजे." आणि महाराजांनी टाळी वाजवली. यावेळी चांगली, दोन्ही हातांनी. झालं, नियमच होता. हॉल टाळ्यांनी दणाणला. शिट्ट्यासुद्धा वाजल्या. नयनाच्या हातात माइक तसाच होता. तिने बोलणं भाल्यासारखं फेकलं होतं, आणि लोकांनी ते झेलून त्याला हार घातला. ती पुन्हा ड्रमवर जाऊन बसली, कारण दुसरीकडे जाणार कुठे? पुढची गाणी तिने वाजवली. कशी वाजवली ते तिलाच माहीत नाही. महाराजांनी सपाता काही बदलल्या नाहीत. जाताना त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. हॉटेलच्या पानावर टाकतो म्हणाले, अशा गमतीजमती लोकांना फार आवडतात.

श्याम झांजा बॅगेत भरायला मदत करायला आला. "भारी झालं पण, नाही? आपण बोललोच शेवटी," म्हणाला. आपण! नयनाने झांजांची बॅग त्याच्या हातातून ओढून घेतली. तो वायर गुंडाळायला निघून गेला.

बाहेर बसच्या थांब्यावर ती उभी राहिली. केदार ड्रमच्या पिशव्या घेऊन मागे उभा होता. एवढंच म्हणाला, "मी होतो ना तिथे. मी ऐकलं सगळं." तिने मान हलवली. तिला वाटलं, जाऊ दे. त्या माणसाला आठवत नसेल तर नसू दे. त्याच्यासाठी ते बोललेलंच नव्हतं. ज्यांच्यासाठी बोललं त्यांनी तर ऐकलं असेल. तेवढ्यात फोन वाजला. विश्वनाथ.

यावेळी कपाळ नव्हतं. शेजारच्या कुणीतरी फोन नीट धरला असावा, कारण ते अख्खे दिसत होते. गुळगुळीत दाढी केलेली. अंगात बँडचा तो लाल कोट, खांद्यावरची जर काळी पडलेली, आता फार ढगळ होत होता. मागे चार-पाच खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांवर गल्लीतली माणसं.

"नयने! अगं, चित्रच गेलं. त्या मुलाने मुजरा केला, तू माइक हातात घेतलास, आणि पडदा काळा झाला. आम्ही सगळे तसेच बसलोय."

म्हणजे जयेशने लाइव्ह बंद केलं होतं. तिने तोंड उघडायच्या आत. त्या पोराची पाचावर धारण बसली आणि त्याने बटण दाबलं. नयनाने डोळे मिटले.

"काय झालं गं पुढे? माझं नाव सांगितलंस का तू?"

"सांगितलं, बाबा."

"मग?" ते फोनच्या अगदी जवळ आले. दातांच्या जागची कवळी थोडी हलली, त्यांनी ती ओठाने सावरली. "मग काय म्हणाले महाराज? ओळखलं?"

खरं तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तिने आयुष्यात कुणाची भीड ठेवली नव्हती. नवऱ्याची नाही, अध्यक्षांची नाही, आत्ताच महाराजांची नाही. मागच्या खुर्च्यांवरची माणसं पुढे वाकून ऐकत होती.

"ओळखलं, बाबा. लगेच ओळखलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, विश्वनाथचा क्लॅरिनेट अजून कानात आहे."

विश्वनाथनी तोंड फिरवलं, कोटाच्या बाहीने डोळे पुसले, आणि मागे बघून म्हणाले, "ऐकलंत ना? कानात आहे म्हणाले." खुर्च्यांवरून कुणीतरी "वा, विश्वनाथराव!" म्हटलं. मग ते पुन्हा फोनकडे वळले. एकदम धास्तावल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"आणि तू? तुझं तोंड मला माहितीय. उलटसुलट काही बोलली नाहीस ना त्यांना?"

"नाही, बाबा."

"नमस्कार केलास?"

बस आली होती. केदार पिशव्या उचलून दारात थांबला होता.

"केला," नयना म्हणाली. "चांगला वाकून केला."